एअरफिक्सचं जुनं फ्लोटप्लेन किट सापडलं, सुधारून जोडावं की बंदच ठेवावं?

वडिलांच्या कपाटात एअरफिक्स या कंपनीचं, १:७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) सुपरमरीन एस.६बी या पाण्यावर उतरणाऱ्या शर्यतीच्या विमानाचं किट न उघडलेलं सापडलं, ते जोडावं का आणि त्यात काय सुधारावं, असं तुम्ही विचारलंय. जोडा. किंमत वाढायची वाट बघत बसायचं असेल तर सोनं घ्या.

हेच किट १९८४ साली आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आलं. आत्या इंग्लंडहून आली होती, तिने दोघा भावांना एकसारखी दोन आणली. दादाने त्याचं एका संध्याकाळीत उरकलं. फ्लोट (विमान पाण्यावर तरंगवणारे खालचे दोन लांबट पोकळ तराफे) फाकलेले, गोंदाचे ओघळ थेट कॉकपिटच्या काचेवर. पंख आणि फ्लोट बांधणाऱ्या तारा का नाही लावल्या म्हटलं, तर म्हणाला, "खोक्यात दिल्यात का? पदरचं घालायचं म्हणजे खोटेपणा." त्या दिवसापासून हा वाद चालू आहे. माझं किट मी तसंच ठेवलं आणि २००९ च्या उन्हाळ्यात कोथरूडच्या माळ्यावरून काढून जोडलं.

आता तारांचं सांगतो. १३ सप्टेंबर १९३१ ला वैमानिक जॉन बूथमनने याच विमानावर ताशी ३४०.०८ मैलांनी सागरी विमानांच्या शर्यतीचा श्नायडर करंडक ब्रिटनला कायमचा मिळवून दिला. त्याच्या फ्लोटमध्ये नुसती हवा नव्हती, इंधन होतं, आणि तेही उजव्यात जास्त. कारण रोल्स-रॉइसचं ते २३५० अश्वशक्तीचं इंजिन पंखा फिरवताना डावा फ्लोट पाण्यात दाबायचं. एवढं वजन चार बारीक स्ट्रट (फ्लोट धडाला जोडणारे दांडे) एकटे पेलत नव्हते, पंख, धड आणि फ्लोट तारांनी एकमेकांना बांधलेले होते. तारा नसलेलं एस.६बी हे एस.६बी नव्हेच.

मला सगळ्यात जास्त वेळ फ्लोटनी खाल्ला. आलेख कागदावर दोन समांतर रेघा मारल्या, कागद थर्मोकोलवर चिकटवला, फ्लोट रेघांवर ठेवून दोन्ही बाजूंनी टाचण्या रोवल्या. मग धड वरून बसवलं आणि दोन्ही पंखांची टोकं टेबलापासून सारखी उंच आहेत का ते पट्टीने मोजलं. पहिल्यांदा डावं टोक दीड मिलीमीटर खाली आलं. सबंध पंख पावणेतेरा सेंटीमीटरचा, त्यात दीड मिलीमीटर दुरूनही दिसतो. स्ट्रट सोडवले, परत बसवले. म्हणून इथे झटपट चिकटणारं सुपरग्लू वापरू नका. प्लास्टिकचा साधा सिमेंट हलवाहलवीला वेळ देतो. रात्रभर हात लावू नका.

तारेसाठी शिलाईचा दोरा घेऊ नका. ०.३ मिलीमीटरचा दोरा खऱ्या मापात दोन सेंटीमीटरचा दोरखंड होतो, वर त्याला लव. मी तापकीर गल्लीतून ०.१ मिलीमीटरची तांब्याची तार आणली, काचेवर पट्टीखाली लाटून सरळ केली. भोकं रंगाच्या आधी पाडा, तारा रंगानंतर लावा, टोकाला फेव्हिकॉलचा टिपका पुरतो.

पंखांवर मात्र पत्र्याचे जोड दाखवायला खोल रेघा कोरत बसू नका. इंजिनाचं पाणी पंखांच्या पत्र्यातूनच फिरून थंड होई, म्हणजे तो सगळा गुळगुळीत रेडिएटरच होता. मागची कड जाड असेल तर आतून घासून पातळ करा, तेवढं बास.

त्या दिवाळीत दादाने पाहिलं आणि म्हणाला, "सुरेख झालंय, पण हे किट नाही राहिलं." दादा, किट कुणाला हवंय? बूथमनचं ते विमान, क्रमांक एस१५९५, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तारांसकट उभं आहे. आपण त्याचं मॉडेल करतो, खोक्याचं नाही.

डेकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं-अक्षरं) वापरण्याआधी स्कॅन करून ठेवा. पिवळी पडली असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठवडाभर चिकटवा, बराचसा पिवळेपणा जातो. पाण्यात घालण्यापूर्वी वरून पारदर्शक लॅकरचा एक हात मारा, नाहीतर तुकडे होतील. आणि रंगकाम जून उजाडायच्या आत संपवा. पुण्याच्या पावसाळी हवेत लॅकर पांढुरका पडतो. मी जुलैत मारला, माझ्या उजव्या पंखावर तो डाग अजून आहे.