खांद्याचं मोठं टेअर : शिवायचं की रिव्हर्स बसवायचं?

तुम्ही विचारलंय की बाबा ६८ वर्षांचे, शिडीवरून पडले, एमआरआयला मॅसिव्ह रोटेटर कफ टेअर (खांद्याच्या गोळ्याला धरून ठेवणारे चार टेंडन म्हणजे कफ, तो मोठा फाटलाय) आलंय, एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून शिवू, दुसरे म्हणतात शिवून उपयोग नाही, रिव्हर्स शोल्डर म्हणजे उलटा कृत्रिम सांधा बसवा, मग खरं कोणाचं धरायचं. दोघांचंही खरं असू शकतं. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालोय, पण आमच्या घरात हे दोनदा झालंय, माझा खांदा शिवलाय आणि आईचा बदललाय, वर मुलगी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे वर्षभर जेवतानासुद्धा हाच विषय.

टेअर केवढं आहे यावरच अडकू नका. मॅसिव्ह म्हणजे ५ सेंटिमीटरच्या वर किंवा चारपैकी दोन टेंडन गेलेत, एवढंच. (आपल्याकडे सगळे लिगामेंट फाटलं म्हणतात, पण हे टेंडन, स्नायू हाडाला बांधणारी दोरी.) दोरी शिवता येते हो, पण ती ओढणारा स्नायू जिवंत आहे का ते बघायचं. टेंडन तुटून बरेच महिने गेले की स्नायू आक्रसतो आणि त्यात चरबी भरते, आणि ती चरबी नंतर शिवलं तरी सहसा मागे फिरत नाही. रिपोर्टमधे फॅटी इन्फिल्ट्रेशन किंवा गुटालिए ग्रेड असं लिहिलंय का बघा, नसेल तर सर्जनना विचारा. ० ते ४ असतं, ३ म्हणजे चरबी आणि स्नायू निम्मे निम्मे, ४ म्हणजे चरबीच जास्त. आणि साध्या एक्स-रेत खांद्याचा गोळा वर सरकून छपराच्या हाडाला टेकायला आलाय का तेही विचारा, मधली जागा ७ मिलिमीटरच्या खाली गेली की शिवण टिकायची आशा कमी.

माझं सोपं होतं. ५७ व्या वर्षी स्कूटरवरून पडलो, दीड महिन्यात ऑपरेशन, ग्रेड १. हाडात अँकर ठोकून टेंडन परत बांधलं. ऑपरेशन काहीच नाही हो, खरा त्रास नंतरचा, ६ आठवडे काखेत उशीवाला पट्टा, आडवं झोपता येत नाही म्हणून आरामखुर्चीत झोपायचो, पायजम्याची नाडी बायकोने बांधायची. स्वतःच्या ताकदीने हात उचलायची परवानगी ६ आठवड्यांनी, वजनाचे व्यायाम ३ महिन्यांनी, आणि खांदा आपला वाटायला वर्ष गेलं. बाबा एवढं पाळणारे आहेत का? तंबाखू, सिगरेट, वाढलेली शुगर असेल तर टेंडन हाडाला धरायला अजून कठीण.

आणि मोठी टेअर शिवली तरी परत फाटतात, हे कोणी आधी सांगत नाही. अमेरिकेत सेंट लुईसला २००४ साली छापलेल्या अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या १८ मोठ्या टेअरपैकी १७ सोनोग्राफीत परत उघडलेल्या दिसल्या. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी बहुतेकांचं दुखणं तरी कमीच होतं, दुसऱ्या वर्षी जरा घसरलं. तंत्र त्यानंतर सुधारलंय, पण शिवलं म्हणजे झालं असं नाही.

आईचं वेगळं. ७४ वर्षांची, दोन वर्षं आम्ही फ्रोझन शोल्डर समजून तेल लावत बसलो, हाडवैद्यही झाला. दुसऱ्या हाताने धरून उचलला तर हात सरळ वर जायचा, स्वतःहून खांद्यापर्यंतही नाही, अंबाडा घालणं बंद. ग्रेड ४. तिथे शिवायला काही उरलंच नव्हतं. रिव्हर्समधे गोळा खोबणीच्या जागी आणि खोबणी दंडाच्या हाडावर बसवतात, म्हणजे खांद्यावरचा बाहेरचा स्नायू, डेल्टॉइड, एकटाच हात उचलू शकतो, कफ नसला तरी. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मधे ही कल्पना मार्गी लावली. आई आता फळीवरचा डबा काढते. पण हात पाठीमागे नीट जात नाही, टॉयलेटला दुसरा हात वापरावा लागतो, भरलेली कळशी उचलायची नाही. बाबांचा उजवा असेल तर हे आधीच बोलून घ्या. इन्फेक्शन झालं किंवा सांधा निखळला तर परत ऑपरेशन अवघड, म्हणून पासष्टीच्या आतल्या माणसाला बसवताना सर्जन दहादा विचार करतात.

मधले पर्याय पण आहेत. मुख्य तक्रार दुखण्याचीच असेल आणि हात वर जात असेल तर आतली साफसफाई आणि बायसेप्सचं टेंडन सोडवणं, एवढ्यावर भागतं. जेवढं जुळतं तेवढंच शिवायचं, हेही करतात. जपानच्या डॉ. मिहातांची पद्धत आहे, मांडीचा पडदा काढून खांद्याच्या वरच्या बाजूला शिवतात. तरुण, कष्टाचं काम करणारा माणूस असेल तर पाठीचे स्नायू, लॅटिसिमस किंवा ट्रॅपेझियसचा खालचा भाग, वळवून आणतात, पण ते ६८ ला कोणी फारसं सुचवत नाही. खांद्याच्या आत फुगा घालायचा प्रकार कोणी सांगितला तर जरा थांबा, ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत नुसत्या साफसफाईवाल्यांपेक्षा फुगावाल्यांचा रिझल्ट कमी निघाला.

सगळं जुनं असेल तर घाई नाही, तीनेक महिने डेल्टॉइडचे व्यायाम करून बघता येतात, काहींचा हात तेवढ्यावर वर जातो. पण पडायच्या आधी हात नीट चालत होता आणि पडल्यावरच गेला असेल तर व्यायाम करत दिवस घालवू नका, शिवायची वेळ निघून जाते. पडून किती दिवस झाले आणि रिपोर्टमधे ग्रेड काय लिहिलाय ते खाली टाका, मुलीला दाखवून सांगतो.