एकहाती, हुकूमशाही पद्धतीने काम करून घेणाऱ्या साहेबामुळे कर्मचाऱ्यांच्या नोकरीतल्या समाधानावर काय परिणाम होतो?

तुम्ही एमबीएच्या प्रोजेक्टसाठी विचारताय, तेव्हा व्याख्या तुमच्याकडे असतीलच. मी शॉप फ्लोअरवरचं सांगतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी अकरा वर्षं होतो. आधी सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन) ऑपरेटर, मग मशिन लावून देणारा सेटर, शेवटी सुपरवायझर. त्यातली सहा वर्षं अशाच एका साहेबांच्या हाताखाली गेली.

साहेब कामात पक्के होते, हे आधी सांगायला हवं. ड्रॉइंग एकदा बघितलं की घोडं कुठे अडणार ते सांगायचे. पण त्यांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, बदलायचा? साहेबांना विचार. दोघांनी आपसात पाळी बदलायची? साहेबांची सही. साहेब मीटिंगला गेले की मशिन उभं, आणि मशिन उभं का म्हणून संध्याकाळी बोलणी ऑपरेटरलाच.

आमच्यात एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी एकदा सुचवलं, शाफ्टचा फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकायचा वेग, जरा कमी करून बघू, फिनिश सुधारेल. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला पगार हात चालवायचा मिळतो. डोकं चालवायला मी आहे." काका नुसते हसले आणि मशिनवर गेले.

काही महिन्यांनी रात्रपाळीत त्याच मशिनच्या स्पिंडलचा, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, आवाज बदलला. काकांनी पाळी पूर्ण केली. मायक्रोमीटरने प्रत्येक पीस मापात होता, पण सकाळी क्वालिटीवाल्यांनी गोलाई तपासली आणि अख्खा लॉट रिजेक्शनला गेला. मी बाजूला घेऊन विचारलं, "काका, आवाज कळला नाही?" म्हणाले, "कळला ना. पण डोक्याचा पगार मला कुठंय?"

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. अशा साहेबाखाली सगळ्यात आधी बंद होतं ते माणसाचं सांगणं. हजेरी, उत्पादन सगळं व्यवस्थित दिसतं. कुरकुरही ऐकू येत नाही, त्यामुळे साहेबाला वाटतं, मंडळी खूश आहेत.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर प्रयोग केले, त्याचा अहवाल १९३९ सालचा. मोठा माणूस कधी हुकूम सोडायचा, कधी मुलांना विचारून काम ठरवायचा. हुकमी कारभारातली बहुतेक मंडळं भांडखोर झाली नाहीत, उलट गप्प आणि निरुत्साही झाली. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की मात्र काम ढेपाळायचं आणि दंगा उसळायचा. साहेब रजेवर असले की आमचा दहा मिनिटांचा चहा पंचवीस मिनिटं चालायचा, तसंच. नंतर विचारलं तेव्हा वीसपैकी एकोणीस मुलांनी विचारून काम करणारा पुढारी पसंत केला. विसावा लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता, त्याला शिस्तच आवडली. आमच्याकडेही असे एक-दोघे होते. त्यांना "काय करू ते सांगा" हेच बरं वाटायचं, आणि त्यात वाईट काही नाही.

प्रोजेक्टसाठी मुलांपेक्षा कारखान्याचं उदाहरण उपयोगी पडेल. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. तिथला कॉख आणि फ्रेंच या दोन संशोधकांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता कळवला, तर ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले, उरलेले मुद्दाम हात आखडून काम करू लागले. ज्या गटांतल्या सगळ्यांना ठरवण्यात घेतलं होतं, तिथून कुणीच गेलं नाही. मला आवडलेला भाग पुढचा. पहिल्या गटातल्या उरलेल्यांना अडीच महिन्यांनी पुन्हा नवं काम द्यायचं होतं, या वेळी त्यांना विश्वासात घेतलं, आणि तीच माणसं झपाट्याने कामाला लागली.

कडकपणा मात्र यात मोजू नका. साहेब बदलून गेल्यावर आलेले दुसरे साहेब उशिरा येणाऱ्याला गेटवरून परत पाठवायचे. पॉवर प्रेसच्या गार्डला, म्हणजे हात वाचवणाऱ्या जाळीला, हात लावला तर ऐकून घ्यायचे नाहीत, आणि तिथे ऐकूनही घेऊ नये. पण नवा जॉब आला की आधी काकांच्या मशिनपाशी उभे राहायचे. त्यांच्यावर चिडलेली माणसं मी पाहिली, पण गप्प झालेलं कुणी नाही पाहिलं.

एक कबुली. सुपरवायझर झाल्यावर आयटीआयच्या एका अप्रेंटिसला मी स्वतः म्हणालो होतो, "सांगितलंय तेवढं कर." डिस्पॅचची गाडी उभी होती, एवढंच कारण. पुढे आठवडाभर त्या पोराने मला एकही प्रश्न विचारला नाही.

आता तुमच्या प्रश्नावलीबद्दल. "तुम्ही नोकरीत समाधानी आहात का?" असं विचारलंत तर आमच्या फ्लोअरवर सगळ्यांनी "हो" वर टिक केली असती. फॉर्म साहेबांच्या टेबलावरून जाणार हे ठाऊक असतं. ज्यांच्या हातात कसब होतं ते चाकणला दुसरीकडे लागले आणि राजीनाम्यात "घरगुती कारण" लिहून गेले. फ्लॅटचे हप्ते असलेले राहिले. त्यापेक्षा विचारा, "गेल्या महिन्यात तुम्ही वरिष्ठांना आपणहून काय सुचवलं?" आणि खाली तीन रिकाम्या ओळी सोडा.