कझाकस्तानात आज कम्युनिस्ट पक्ष उरला आहे का?

तुम्ही विचारलंय की सोव्हिएत संघ मोडल्यावर कझाकस्तानातल्या कम्युनिस्ट पक्षाचं काय झालं आणि तो आज आहे का. 'कम्युनिस्ट' अशी पाटी लावलेला नोंदणीकृत पक्ष आज तिथे नाही. मधली काही वर्षं मात्र एक सोडून दोन होते. (खरा पक्ष कुणाचा, हा वाद मराठी माणसाला समजावून सांगायला नको.)

मी २०१० ते २०१६ अल्माटीत मेडिकलला होतो. राजकारणावर तिथे कुणी मोकळेपणी बोलत नसे, त्यामुळे यातलं बरंचसं मला परत आल्यावर वाचून कळलं.

सुरुवातच गमतीशीर आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नुर्सुल्तान नझरबायेव हे आधी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचेच प्रमुख होते. ऑगस्ट १९९१ मध्ये कट्टर कम्युनिस्टांनी मॉस्कोत केलेला सत्ता बळकावण्याचा उठाव फसला, तसा त्यांनी पक्ष सोडला. सप्टेंबरमध्ये अधिवेशन भरलं आणि पक्षाने स्वतःचं नाव बदलून 'समाजवादी पक्ष' करून घेतलं. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी लाल बावटा खाली ठेवला नाही. कम्युनिस्ट पक्ष पुन्हा उभा केला. त्याला सरकारी नोंदणी मिळायला १९९४ उजाडलं.

या पक्षाला चेहरा मिळाला तो सेरिकबोल्सिन अब्दिल्दिन यांचा. माणूस साधा नव्हे, १९९१ ते १९९३ संसदेचे सभापती. थकलेली पेन्शनं, बंद पडलेले कारखाने यांनी गांजलेले म्हातारेकोतारे त्यांच्यामागे होते. जानेवारी १९९९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मुदतीआधीच घेतली गेली आणि माजी पंतप्रधान काझेगेल्दिन यांना उभंच राहू दिलं नाही. अब्दिल्दिन दुसरे आले, सुमारे १२ टक्के मतं. त्याच वर्षी संसदेच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीला (म्हणजे उमेदवाराला नव्हे, थेट पक्षाला दिलेली मतं) जवळपास १८ टक्के मिळाली. पण कनिष्ठ सभागृहातल्या ७७ जागांपैकी यादीवरून भरायच्या होत्या फक्त १०. त्यामुळे पदरात पडल्या मोजून तीन जागा.

त्यानंतर सरकारने विचारधारेशी वाद घातलाच नाही. डोकी मोजायला सुरुवात केली, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. २००२ च्या कायद्याने नोंदणीसाठी लागणारी सदस्यसंख्या ३,००० वरून थेट ५०,००० केली. दीड कोटी वस्तीच्या देशात हे म्हणजे छोट्या पक्षाच्या गळ्याला फासच. अब्दिल्दिन त्यातूनही निभावले, पण २००४ मध्ये घरच फुटलं. त्यांनी 'डेमोक्रॅटिक चॉइस' या उद्योगपती आणि माजी अधिकाऱ्यांच्या विरोधी गटाशी हातमिळवणी केली होती. भांडवलदारांबरोबर बसणारा हा कसला कम्युनिस्ट, असं म्हणत आणि पैशांचे आरोप करत व्लादिस्लाव कोसारेव यांचा गट बाहेर पडला आणि त्याने 'कम्युनिस्ट पीपल्स पार्टी' काढली. त्या वर्षीच्या संसदेच्या निवडणुकीत मूळ पक्षाच्या आघाडीला साडेतीन टक्के मतंही मिळाली नाहीत, नव्याला दोनसुद्धा नाहीत.

कोसारेवांचा आक्षेप तत्त्वाचा होता की कुणी तो करवून घेतला, हे ज्याने त्याने ठरवावं. पुढे काय झालं तेवढं सांगतो. २००७ मध्ये संसदेच्या निवडणुकीतल्या सगळ्या ९८ जागा नझरबायेव यांच्या सत्ताधारी नूर ओतान पक्षाने घेतल्या. हे परदेशात वाईट दिसायला लागलं, म्हणून संसदेत किमान दोन पक्ष हवेत असा कायदा आला. ऑक्टोबर २०११ मध्ये जुन्या पक्षावर सहा महिन्यांची बंदी आली. कारण, त्याचे तेव्हाचे नेते गाझिझ अल्दामझारोव एका नोंदणी नसलेल्या विरोधी आघाडीत सामील झाले होते. लगेच नोव्हेंबरमध्ये संसद विसर्जित झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये मतदान. जुना पक्ष घरी बसला. कोसारेवांचा पक्ष मात्र संसदेत शिरायला लागणारा सात टक्के मतांचा उंबरठा जेमतेम ओलांडून सात खासदार घेऊन आत गेला. आत गेल्यावर सरकारला त्याने फार त्रास दिला असं कुणी म्हणणार नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये अल्माटीच्या कोर्टाने जुना पक्ष विसर्जित केला, सदस्य पुरेसे नाहीत म्हणून. तेव्हा मी त्याच शहरात होतो. आमच्या होस्टेलात याचा कुणाला पत्ताही नव्हता.

उरलेल्या पक्षाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावातला 'कम्युनिस्ट' शब्द काढून टाकला. आता तो नुसता 'पीपल्स पार्टी' आहे. २०२२ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले येर्तिस्बायेव, म्हणजे नझरबायेव यांचे जुने सल्लागार! २०२३ मध्ये पाच जागा मिळाल्या.

आणि ती सदस्यसंख्येची अट? ती आधी ४०,००० केली होती, मग २०,०००, आणि २०२२ मध्ये ५,०००. अब्दिल्दिन ३१ डिसेंबर २०१९ रोजीच वारले होते.