लाळेच्या तपासणीवरून मधुमेह कळतो का?

प्रश्न : मला मधुमेह असून अलीकडे तोंड कोरडे पडते आणि हिरड्यांतून रक्त येते. वारंवार सुई टोचून घेण्याऐवजी लाळ तपासून चालेल का?

उत्तर : मधुमेहाच्या निदानासाठी आणि नियंत्रणासाठी आज तरी लाळेची तपासणी रक्ततपासणीला पर्याय ठरत नाही. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास, आणि तपासणी पुन्हा करूनही तसेच आढळल्यास, मधुमेहाचे निदान होते. लाळेतही ग्लुकोज असते आणि मधुमेहात ते बहुधा वाढते. परंतु त्याचे प्रमाण रक्ताच्या तुलनेत अत्यल्प असते, शिवाय दातांत अडकलेले अन्नकण, तोंडातील जिवाणू आणि लाळ स्रवण्याचा वेग यांमुळे ते इतके बदलते की त्यावरून औषधाची मात्रा ठरवणे धोक्याचे ठरेल.

तोंडाच्या आरोग्याबाबत मात्र लाळ बरेच काही सांगते. लाळ कमी झाली की आम्ल निष्प्रभ करण्याची तिची क्षमता घटते, आणि तोंडातील सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली वारंवार गेल्यास दातांचे कवच झिजू लागते.

आपल्या हिरड्यांतून येणारे रक्त मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण साखर अनियंत्रित असल्यास हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांतील दीर्घकालीन दाहामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हिरड्यांवर योग्य उपचार झाल्यावर एचबीए१सी काहीसे उतरल्याचेही दिसते. म्हणून एचबीए१सी तपासून तो अहवाल दंतवैद्यांना अवश्य दाखवा, आणि कोरडेपणा एखाद्या औषधामुळे आहे का, हेही डॉक्टरांना विचारा.