उपवासाच्या भगरीतून विषबाधा होऊ नये म्हणून सरकार नेमकं काय करतं?

तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, दर नवरात्राच्या, महाशिवरात्रीच्या तोंडावर पत्रक काढतं: भगरीचं सुटं पीठ विकू नका, घेऊ नका. पत्रक बरोबरच आहे. हे पीठ हवेतली ओल चटकन धरतं, त्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी येते आणि फ्युमिगाक्लॅव्हिनसारखं विष तयार होतं. पण नुसत्या पत्रकाने गोणी बंद होत नाही.

एका नवरात्रात आमच्याकडे एकाच आळीतल्या बायका भगरीची भाकरी खाऊन आजारी पडल्या. उलट्या, चक्कर आणि हात इतके थरथरत होते की पाण्याचा ग्लास धरवेना. दुसऱ्या दिवशी अन्न सुरक्षा अधिकारी दुकानोदुकानी फिरले. मी खरेदीच्या बिलांची फाइल पुढे ठेवली. सुटं पीठ मी ठेवतच नाही. ज्या दुकानातून पीठ गेलं होतं तिथे उघडी गोणी, आत हात घातला की पिठाचे गोळे लागायचे, कोंदट वास. बिल नाही. ठोक व्यापाऱ्याने सरळ कानावर हात ठेवले. नमुना गेला, पण विश्लेषकाच्या अहवालाला कायद्यानेच 14 दिवसांची मुदत आहे, तोवर दसरा होऊन गेला.

2006चा अन्न सुरक्षा कायदा अजिबात कमकुवत नाही. परवानाधारकाकडूनच माल घ्यायचा आणि नोंद ठेवायची, ही परवान्याची अटच आहे. ती वर्षभर तपासा, आणि आधी ठोक बाजारात तपासा.

आमचा थोरला भाऊ अजून म्हणतो, "पीठ ठेवत नाहीस, म्हणून गिऱ्हाईक तुटतं." फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातला उपवासाचा फराळ खाऊन शेकडो माणसं आजारी पडली, झाडांना दोऱ्या बांधून रस्त्यावरच सलाईन लावावं लागलं. ते फोटो मी त्याला दाखवले. तरी त्याचं आपलं तेच.

तुम्ही अख्खी, पाकीटबंद भगर बिल घेऊन आणा, निवडून लागेल तेवढीच दळा. अर्थात ओलीत ठेवलं तर पाकिटातलंही बिघडतं. त्रास झालाच तर आधी दवाखाना गाठा, पण उरलेलं पीठ फेकू नका, पिशवीसकट ठेवा आणि एफडीएला 1800222365 वर कळवा. पाकिटाला किलोमागे जास्त पैसे पडतात, हे भावाचं म्हणणं खरं आहे. तेवढे द्यावेत.