सहावीतल्या मुलाला मराठी ऐतिहासिक साहसकथांची गोडी कशी लावावी?

थेट जाडजूड ऐतिहासिक कादंबरी हातात देऊ नका. माझ्या भाच्याला मी आधी गो. नी. दांडेकर दिले होते. भाषा सुरेख, पण ‘मामा, हा शब्द काय?’ विचारून दर पानाला अडायचा. शेवटी पुस्तक उशाशी पडून राहिलं. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला. तो इतिहास नाही हे खरं, पण वाचायचा वेग त्यानेच आला.

त्यानंतर एका रविवारी त्याला कारागृहाच्या भिंतीपाशी नेलं. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला तेव्हा बांधकाम पुरतं संपलंही नव्हतं. आत अर्थातच सोडत नाहीत. ‘मग ते आत शिरले कसे?’ पठ्ठ्या घरी येईपर्यंत हेच विचारत होता. तेव्हा दांडेकर परत काढले, यावेळी रोज रात्री दहा पानं मी मोठ्याने वाचायची आणि उत्कंठेच्या जागी मुद्दाम थांबायचं. तिसऱ्या दिवशी पुढचं त्याने स्वतःच वाचून टाकलं!

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. मुलाला सोबत न्या, निवड त्यालाच करू द्या.