अंड्याचे ट्रे राहू द्या, कडी काढा

रावेरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा अकरावीत, पीसीएमबीला, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा द्यायची नाही म्हणतो. त्याला 'आवाजापासून वस्तू लपवणारं मटेरियल' बनवायचंय. वडील म्हणतात, गणित सोड, बायोलॉजीवर जोर दे. रस्त्यावरून रात्रभर केळीचे ट्रक जातात, म्हणून त्यांनी अभ्यासाच्या खोलीला अंड्याचे ट्रे चिकटवले. 'यानं काही होत नाही,' असं मुलगा म्हणाला, तर ते उलटं बोलणं ठरलं. आणि शेवटी सहज लिहिलेली एक ओळ : 'आठ ते बारा बाहेरून कडी लावतो.'

भाऊ, त्या ओळीवर मी अडकलो. पोराला लघवीला जायचं झालं तर तुम्हाला हाक मारायची? आणि तुमचे ट्रे खरंच काम करत असतील, तर ती हाक तुम्हाला ऐकू कशी येणार? सतरा वर्षांच्या मुलाला कोंडून डॉक्टर होत नाही, तो घरातून मनानं निघून जातो.

ट्रेबद्दल तोच बरोबर आहे. कागदी लगद्याचा हलका ट्रे खोलीतला घुमारा थोडा कमी करतो, एवढंच. ट्रकची घरघर शंभर हर्ट्झची धरली तर तिची लाट जवळपास 3.4 मीटर लांब. ट्रेचा खळगा बोटभर. ती अडवायला जड भिंत लागते, खिडकीच्या फटी बुजवाव्या लागतात.

पण तो म्हणतोय ते अडवणं नव्हेच. वस्तूवर आवाज आदळला की प्रतिध्वनी येतो आणि त्यावरून वस्तू कळते. लपवायचं म्हणजे लाट अशी वळवायची, की तिथं काही नव्हतंच असं वाटावं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात स्टीव्हन कमर यांच्या गटानं 2014 मध्ये छिद्रं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांचा पिरॅमिड केला. खाली वस्तू ठेवली तरी आवाज सपाट जमिनीवरून परतल्यासारखा येत होता. प्लॅस्टिक साधंच, छिद्रं केवढी, कुठं, हे सगळं गणितातून आलं. तुम्ही सोडायला सांगताय त्याच गणितातून.

वाटा नेहमीच्याच : मेकॅनिकल, नाहीतर बी.एस्सी. फिजिक्स, मग जॅम ही प्रवेश परीक्षा, एम.एस्सी. आयसर ही विज्ञान संशोधनाची संस्थाही आहे. नेमकी या नावाची नोकरी पेपरात दिसणार नाही, पण गोंगाट कमी करण्याचं काम कारखान्यांत असतं, पाण्याखाली आवाजावरून वस्तू शोधणाऱ्या 'सोनार' यंत्रणेचं काम संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या कोचीच्या प्रयोगशाळेत चालतं.

गणित सोडायचा अर्ज दिला असेल तर सोमवारी परत घ्या. ट्रे एवढ्यात काढू नका. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप मिळतं. एका रात्री ट्रेसकट, दुसऱ्या रात्री ट्रे काढून, ट्रक जाताना त्याला मोजू द्या. वहीत आकडे तुम्ही लिहा. दाराची कडी मात्र आजच काढा.